एका पायावरचे दहा सेकंद

१ डिसेंबर २००७ रोजी जपानमधल्या दुकानांत एक पांढरी फळी विकायला आली. दिसायला वजनकाट्यासारखी, चार कोपऱ्यांत भार मोजणारे चार संवेदक बसवलेली. निन्टेंडो कंपनीच्या ‘वी फिट’ या खेळाचा तो भाग होता. फळीवर अनवाणी उभं राहिलं की समोरच्या टीव्हीवर एक लाल ठिपका दिसे. शरीराचा भार या क्षणी तळपायाखाली नेमका कुठे पडतो आहे, ते तो ठिपका सांगे. अंग डावीकडे कललं की ठिपका डावीकडे, टाचांवर रेललं की मागे. बर्फावरून घसरत फाटकं ओलांडायची, येणारा चेंडू डोक्याने परतवायचा, तिरपी होणारी पाटी सावरत गोळी भोकात पाडायची, आणि हे सगळं फक्त अंग झुकवून करायचं. निन्टेंडोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांना ही कल्पना घरी रोज वजन करण्याच्या सवयीतून सुचली होती. या खेळाच्या पहिल्याच आवृत्तीच्या सव्वादोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

अंग हलवायला लावणारे व्हिडिओ गेम त्याआधीही होते. १९८० च्या दशकात पायाखाली अंथरायच्या चटया निघाल्या होत्या. १९९८ मध्ये कोनामीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ने जपानी गेम पार्लरमधल्या पोरांना बाणांवर नाचायला लावलं. पण तो सगळा मामला तरुणांचा आणि वेगाचा होता. फळी आली तेव्हा घरातल्या आईनेही टीव्हीसमोर उभं राहावं असा खेळ तयार झाला. त्यात वेगापेक्षा तोल सावरण्याला महत्त्व होतं.

फिजिओथेरपीवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं नसतं तरच नवल. तोल मोजायला प्रयोगशाळेत जी ‘फोर्स प्लेट’ लागते तिची किंमत लाखांत जाते, आणि इथे खेळण्याच्या दुकानात तेच तत्त्व वापरणारी फळी मिळत होती. २०१० मध्ये मेलबर्नच्या रॉस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ही फळी प्रयोगशाळेतल्या यंत्राशी ताडून पाहिली. उभं राहण्याचा तोल मोजण्याच्या कामी तिचे आकडे भरवशाचे निघाले. त्यानंतर जगभर पदव्युत्तर प्रबंधांची रीघ लागली. पक्षाघात, पार्किन्सन, म्हातारपण, घोट्याची दुखापत असा प्रत्येक विषय कुणी ना कुणी त्या फळीवर उभा केला.

या गर्दीत चाळिशी-पन्नाशीची बाई मात्र क्वचितच दिसते. पडणं हा सत्तरीनंतरचा विषय असं वैद्यकशास्त्राने बराच काळ धरून ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये नॅन्सी लो चॉय आणि जेनिफर नित्झ यांनी ते मानलं नाही. २० ते ८० वयाच्या ४५३ स्त्रियांचा तोल मोजून त्यांनी २००३ मध्ये दाखवलं की घसरण साठी-सत्तरीत अचानक येत नाही. दोन्ही पायांवर, डोळे उघडे ठेवून उभं राहिलं तर काहीच जाणवत नाही. एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं, की मधल्या वयातलीच डगमग उघडी पडते. २००८ च्या लेखात नित्झ आणि लो चॉय यांनी सरळ म्हटलं, की पडणं ही फक्त म्हाताऱ्या स्त्रियांची बाब नाही आणि प्रतिबंधाची सुरुवात साठीच्या आत व्हायला हवी. २०१० मध्ये नित्झ यांच्याच गटाने ३० ते ६० वयाच्या मूठभर स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, दहा आठवडे ‘वी फिट’ खेळायला लावलं. एका पायावरचा तोल सुधारला, पायांची ताकदही वाढली. प्रयोग अगदी लहान होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता. तरी तो ‘क्लायमॅक्टेरिक’ या रजोनिवृत्तीच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात आला, ही गोष्ट महत्त्वाची. तोलाचा प्रश्न योग्य वयाच्या बाईपाशी नेऊन ठेवणारे संशोधक तेव्हा थोडेच होते.

हे वय नेमकं का? तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर चालतो: डोळे, कानाच्या आतलं संतुलनाचं इंद्रिय आणि तळपाय-घोटे-गुडघ्यांतली जाण. मेंदू त्या एकत्र करतो आणि घोट्याचे, कमरेचे स्नायू वेळेत आवळतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू उतरू लागतात. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, आणि इस्ट्रोजेन कमी झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने विरळ होतात. एकीकडे पडण्याची शक्यता वाढते आणि दुसरीकडे पडल्यावर मोडणारं हाड कमकुवत होत जातं. घसरताना आधारासाठी हात पुढे जातो आणि मनगट मोडतं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेला हा अस्थिभंग पन्नाशीनंतरच्या बायकांत सर्रास आढळतो. प्लॅस्टर उतरतं, पण अनेकींच्या मनात पडण्याची भीती उरते. बाई जपून चालायला लागते, कमी चालायला लागते, आणि कमी चालल्यामुळे तोल आणखी जातो.

हे चालणं-सावरणं कमी कसं होत गेलं ते एका गावात पाहू. पुण्याहून सोलापूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर लोणी काळभोर आहे. गावातल्या मागच्या पिढीच्या बायकांना तोलाचा वेगळा व्यायाम लागत नव्हता. उसाच्या रानातला अरुंद बांध, डोक्यावर गवताचा भारा किंवा हंडा, कालव्याच्या काठची निसरडी वाट, जमिनीवर मांडी घालून स्वयंपाक आणि हात न टेकता उठणं, हा दिवसभराचा सराव होता. कष्ट होते, त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. मान आणि कंबर त्यांनीच खाल्ली. पण घोट्याला रोज शंभर वेळा स्वतःला सावरावं लागे, हेही खरं. आता शेजारच्या कदमवाकवस्तीपर्यंत इमारती उभ्या राहिल्या. नळ आला, गॅसचा ओटा आला, सपाट फरशी आली, दुचाकी आली. बाईचं आयुष्य सोपं झालं ते चांगलंच झालं. मात्र घोट्याला रोज मिळणारी शिकवणी त्याच्याबरोबर बंद पडली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने देशोदेशींचा अभ्यास छापला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं.

खेळाचं म्हणाल, तर मराठी बाईला तोल शिकवायला जपानी फळीची वाट पाहावी लागली नव्हती. लंगडी म्हणजे एका पायावर उड्या मारत, दिशा बदलत, समोरच्याला गाठायचं. फिजिओथेरपीच्या खोलीत एका पायावर उभं राहायची जी चाचणी घेतात तिच्या कितीतरी पुढचं हे काम आहे. फुगडीत दोघी मागे रेलतात तेव्हा प्रत्येकीचा भार तिच्या पावलांच्या बाहेर गेलेला असतो. एकमेकींचे हात सुटले तर दोघी पडतील. वर गरगर फिरल्यामुळे कानातल्या संतुलनाच्या इंद्रियाला मिळणारा सराव वेगळाच. बसफुगडीत उकिडवं बसून पाय आलटून पालटून पुढे टाकावे लागतात, झिम्म्यात सरकत्या पावलांवर टाळी साधावी लागते, सूप नाचवताना हातात डोलणारी वस्तू आणि खाली फिरणारे पाय दोन्ही सांभाळावे लागतात. एकाच वेळी दोन कामं देऊन तोल पक्का करायचा ही पद्धत आजचं शास्त्र मुद्दाम वापरतं. पुण्यात मंगळागौरीचे खेळ करणारे मध्यमवयीन बायकांचे गट आहेत. एकेक तास न थांबता चालणारा त्यांचा कार्यक्रम पाहिला तर पन्नाशीची बाई काय करू शकते ते कळतं. तुकोबांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम लोणी काळभोरलाच पडतो, आणि त्या वाटेवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकाही याच वयाच्या असतात.

पण श्रावण वर्षातून एकदा येतो आणि आषाढीही. तोल टिकवायला आठवड्यातून दोन-तीनदा सराव लागतो. फळीचा खरा उपयोग तिथे होता, कारण ती सासर-माहेर, सणवार, सोबत यांपैकी कशाचीच वाट पाहत नव्हती. शिवाय एक गोष्ट फुगडीत नव्हती. फळी बाईला तिचीच चूक त्याच क्षणी डोळ्यांसमोर दाखवत होती. आपण कायम उजव्या पायावर भार टाकून उभ्या राहतो, हे अनेकींना वर्षानुवर्षं कळत नाही. पडद्यावरचा ठिपका ते क्षणात सांगतो.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला आणि फळीचीही गरज संपल्यासारखं वाटलं. टीव्हीवर ठेवलेला कॅमेराच माणसाच्या सांध्यांचा सांगाडा ओळखत होता. पहिल्या साठ दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले. तो त्याच महिन्यात भारतातही पोहोचला. मात्र त्याच्यासमोर सहा ते आठ फूट मोकळी जागा लागे. सोफा, दिवाण आणि शोकेस मांडलेल्या आपल्याकडच्या दिवाणखान्यात तेवढी जागा काढायची म्हणजे आधी सामान हलवायचं. रोज सामान हलवून व्यायाम कोण करणार?

यानंतरची वर्षं फार झपाट्याने गेली. ‘वी फिट’ ज्यावर चाले त्या वी यंत्राचं उत्पादन निन्टेंडोने २०१३ मध्ये थांबवलं, मायक्रोसॉफ्टने किनेक्टचं २०१७ मध्ये. ज्या यंत्रांवर शेकडो प्रबंध लिहिले गेले ती दुकानांतून नाहीशी झाली. बाजारासाठी बनवलेल्या खेळण्यावर उपचाराची इमारत उभी करण्यातला हा धोका आधी ओळखायला हवा होता. कंपनीला खेळण्याचा खप संपला की विषय संपतो. रुग्णाचा घोटा तोवर जेमतेम शिकायला लागलेला असतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मांडीला पट्टा आणि हातात रिंग घेऊन खेळायचा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ आला आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभर त्याचा तुटवडा पडला. आपल्याकडे त्या काळात बायकांनी व्यायाम केला तो बहुतेक मोबाइलसमोर, यूट्यूब लावून. त्यात बघून करणं होतं, पण समोरचा पडदा त्यांना पाहत नव्हता. आता साध्या मोबाइलचा कॅमेराही सांधे ओळखू लागला आहे, त्यामुळे किनेक्ट जे महाग यंत्राने करत होता ते खिशातल्या फोनवर आलं आहे.

या सगळ्यात उपयोग किती झाला? अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३,४०७ लोक होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं हे त्यातून ठरलं, आणि त्यात सर्वांत भक्कम पुरावा तोलाच्या व्यायामाचा होता. त्यातल्या सहभागींचं सरासरी वय मात्र ७६ होतं. २०२२ मध्ये ब्राझीलच्या अभ्यासकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. पाचांतल्या एकाला ते जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. तोल जाण्यामुळे माणसं दगावतात असा याचा अर्थ नाही. आत चाललेल्या अनेक बिघाडांची ती खूण असू शकते. पण रक्तदाब मोजतो तसा हाही आकडा तपासणीच्या कागदावर असावा, इतकं त्यातून नक्की निघतं.

खेळाच्या बाजूने सर्वांत ठोस उत्तर २०२४ च्या आरंभी सिडनीहून आलं. ६५ वर्षांवरच्या ७६९ लोकांवर वर्षभर चाललेली ती चाचणी ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापली गेली. टीव्हीला जोडलेल्या चटईवर पावलं टाकत, आठवड्याला १२० मिनिटांच्या उद्दिष्टाने जे घरी खेळले त्यांचं पडणं २६ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या गटाने तसेच खेळ खुर्चीत बसून, बोटांनी खेळले. त्यांच्यात ठळक फरक पडला नाही. पडदा, रंग, गुण, संगीत दोघांनाही होतं. फरक केला तो पावलांनी. उभं राहून, भार या पायावरून त्या पायावर नेत, तोल जाईल की काय अशा टोकापर्यंत जाणं हेच औषध आहे, आणि खेळाचं काम बाईला त्या टोकापर्यंत आनंदाने नेण्याचं. बसून खेळायच्या, नुसते हात हलवायच्या खेळाला ‘तोलाचा व्यायाम’ म्हणून विकणाऱ्यांपासून म्हणूनच सावध राहावं.

लोणी काळभोरला हे करून पाहण्यासारखी सामग्री हाकेच्या अंतरावर आहे. राज कपूर यांच्या जुन्या राजबागेत आज एमआयटी एडीटी विद्यापीठ आणि त्याची डिझाइन संस्था आहे, आणि सोलापूर रस्त्यालाच विश्वराज हॉस्पिटल. खेळ घडवायला शिकणारी मुलं आणि हाडं जोडणारे डॉक्टर इतके शेजारी-शेजारी फार थोड्या गावांत सापडतील. कदमवाकवस्तीतल्या एखाद्या सभागृहात टीव्ही, पायाखाली न सरकणारी चटई, भिंतीलगत धरायला कठडा आणि हाताशी एक फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर सुरुवात होते. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर खोचलेला, पाय अनवाणी, चक्कर येणारीची आणि गुडघेदुखी असणारीची आधी तपासणी. खेळही आपल्या ओळखीचा हवा. बर्फावरून घसरण्याऐवजी पडद्यावर लंगडीचा चौक आखता येईल, झिम्म्याच्या ठेक्यावर पावलं टाकता येतील. पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायका, आठवड्यातून तीन संध्याकाळी चाळीस मिनिटं, आणि वर्षभर प्रत्येकीच्या पडण्याची नोंद, असा तो अभ्यास असावा. सहा आठवड्यांनी तोलाचे आकडे सुधारले म्हणून तो थांबू नये. मनगटं किती वाचली ते कळायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष मोजण्याची तयारी आपल्याकडच्या एखाद्या संस्थेने आता दाखवायला हवी.