डग्ग्याचा घुमारा आणि छोटे स्पीकर

मागच्या श्रवणबैठकीनंतर दोघातिघांनी विचारलं, की एवढ्याशा स्पीकरांतून डग्गा इतका भरून कसा येतो? उत्तर सोफ्याच्या बाजूला होतं, सबवूफर. पण तो नुसता आणून भागत नाही, जुळवावा लागतो.

मुळात छोटे स्पीकर कमी का पडतात? मॉनिटर म्हणजे ध्वनिमुद्रण जसं आहे तसं तपासायचा स्पीकर. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी 'एलएस ३/५ए' हा लहानसा मॉनिटर बनवला, कारण गाडीत जागाच नसायची. माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येई, की घरी गाणं ऐकणाऱ्यांनीही तो उचलला. पण पाच इंची पडदा हवा ढकलून ढकलून किती ढकलणार? आजचे चांगले पाच इंची मॉनिटरसुद्धा ५०-६० हर्ट्झच्या खाली मान टाकतात, आणि दमायला त्याआधीच लागतात.

आता आपलं गाणं घ्या. गायकाची पट्टी काळी एक असेल तर सा सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. म्हणजे नेमका दमण्याच्या हद्दीत. गंमत बघा, तरीही खर्ज 'ऐकू' येतो! जवारीमुळे त्याचे वरचे उपस्वर भरपूर असतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाइलवर तानपुरा ओळखू येतो तो यामुळेच. जातं ते अंग. डग्ग्यात ही उणीव जास्त खटकते. मनगट सरकवून काढलेली मींड कोरडी लागते.

जुळवणीचा गाभा एकच : कुठल्या स्वराखाली सबवूफरने बोलायचं. ही हद्द बहुतेक वेळा ८० हर्ट्झ ठेवतात. तिथे ध्वनिलहर चार मीटरांहून लांब असते, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही. हद्द १२० वर नेली की सबवूफर कोपऱ्यातून बोलताना ऐकू येतो, आणि तबला समोर पण डग्गा सोफ्याशेजारी असा प्रकार होतो. सबवूफरमधून मॉनिटरकडे जाणारं आउटपुट असेल आणि त्यात खालचे स्वर गाळले जात असतील, तर जोडणी तिथूनच करा. मॉनिटरचं ओझं उतरतं, मधले स्वर मोकळे होतात. तशी सोय नसेल तर मॉनिटर पूर्ण चालू द्या आणि हद्द ५५-६० वर आणा.

खरी डोकेदुखी खोलीची. हिमायतनगरमधली आमची खोली बारा फूट लांब. समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर फुगतो, आणि अगदी मधोमध बसलं तर तोच जवळजवळ गायब. कोपऱ्यात सबवूफर ठेवला की आवाज वाढतो खरा, पण गुंगाटही वाढतो. उपाय जरा हास्यास्पद आहे, पण करा : सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं वादन लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. डग्गा जिथे सर्वांत नीट, एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर हलवा. मग हद्दीवरचा, म्हणजे ८० चा, सलग स्वर लावून मागचं फेजचं बटण ० आणि १८० वर करून पाहा. बसल्या जागी आवाज जास्त भरेल ती बाजू बरोबर.

पातळी ठरवायला मात्र गाणं लावू नका, कवितावाचन लावा. पुरुषाचा बोलता आवाज साधारण शंभर हर्ट्झच्या वरच असतो. सबवूफरला तिथे फारसं काम नाही. तरी कवी मडक्यात तोंड घालून वाचतोय असं वाटलं, तर आवाज कमी करा. कमी करत जा, आणि शेवटी सबवूफर बंद केल्यावरच तो होता हे कळेल तिथे थांबा. दुकानात दणका दाखवून विकतात, त्याच्या हे अगदी उलट आहे.

आणि हो, शेजारी. हे खोल स्वर भिंती, स्लॅब सहज ओलांडतात. खाली जाड रबर घातलं तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांना रात्री झोप लागत नाही. दहानंतर मी सबवूफरचा प्लग काढतो. तेव्हा खर्ज कानानेच भरून काढायचा.