एस्पोझितो : एका आडनावाची कथा

इटली देशात आडनावे नाना प्रकारांनी पडली आहेत. 'फेरारी' हे लोहाराच्या धंद्यावरून, 'रोमानो' हे रोम शहरावरून, तर 'रूस्सो' हे पूर्वजाच्या तांबड्या केसांवरून. परंतु नेपल्स शहरात जिकडेतिकडे आढळणारे 'एस्पोझितो' हे आडनाव धंदाही सांगत नाही आणि गावही सांगत नाही. ते एका लॅटिन शब्दापासून आले असून त्याचा अर्थ 'बाहेर ठेवलेला' असा आहे.

जुन्या काळी दारिद्र्यामुळे किंवा लोकलज्जेस्तव काही मातांना आपले तान्हे मूल जवळ ठेवता येत नसे. अशा मुलांचा सांभाळ नेपल्समधील 'अनुन्त्सियाता' ही चौदाव्या शतकात स्थापन झालेली धर्मसंस्था करी. तिच्या भिंतीत एक पोकळ लाकडी पिंप फिरते बसविले होते. लोक त्याला 'चाक' म्हणत. मूल आणणारी व्यक्ती बाहेरून ते पिंपात ठेवी. पिंप फिरले, की मूल आत जाई आणि आतील सेविका त्याला उचलून घेई. आणणाऱ्याचा चेहरा मात्र तिला दिसत नसे.

मूल कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी आले, त्याच्या अंगावर कोणती वस्त्रे होती, हे सारे वहीत लिहिले जाई. काही माता मुलाजवळ पदकाचा अर्धा तुकडा ठेवीत आणि उरलेला अर्धा स्वतः जपून ठेवीत. पुढेमागे मूल परत नेता आले, तर ओळख पटावी, ही त्यांची आशा. फ्लॉरेन्समधील अशाच एका संस्थेच्या संग्रहालयात ही अर्धी पदके आजही पाहावयास मिळतात.

आईबापांचे नाव ठाऊक नसल्यामुळे नेपल्समध्ये या मुलांना 'एस्पोझितो' हे आडनाव देत. फ्लॉरेन्समध्ये 'इनोचेंती', म्हणजे 'निष्पाप', असे आडनाव मिळे. मिलानमध्ये 'कोलोंबो', म्हणजे 'कबूतर', असे म्हणत. कारण तेथील रुग्णालयाचे चिन्ह कबूतर होते.

परंतु आडनाव ऐकताच मूल टाकलेले होते, हे चारचौघांत कळे. ज्या शब्दाने मुलाचे नाव ठेवले, त्याच शब्दाने लोक त्याला नावे ठेवू लागले. म्हणून 1808 ते 1815 या काळात नेपल्सवर राज्य करणाऱ्या म्यूरा राजाने हे आडनाव देण्यास मनाई केली. अनुन्त्सियाताचे चाकही 1875 साली बंद झाले. अनाथ मुलाचा जन्मवृत्तान्त उघड करील असे नाव त्याला देऊ नये, असा नियम इटलीत 2000 सालच्या कायद्यातही आहे.

जुने आडनाव मात्र पिढ्यानपिढ्या चालत राहिले. 'बाहेर ठेवलेला' असा अर्थ असलेला तो शब्द आज नेपल्समधील असंख्य घरांच्या दारांवर झळकतो. ज्यांना कोणाचे घर लाभले नव्हते, त्यांनी स्वतःची घरे वसविली आणि तेच नाव आपल्या मुलांना दिले.

स्वाध्याय
1. 'चाक' कशास म्हणत? त्याचा उपयोग कसा होई?
2. अर्धे पदक मुलाजवळ ठेवण्यात मातेचा हेतू कोणता होता?
3. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांतील अर्थभेद वाक्यांत योजून दाखवा.