तेलाच्या पातळ थरावर तोललेला पंप

वडोदरा आणि भरूच यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ४८ वर करजण वसले आहे. कानम प्रदेशातील येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात कडक होऊन भेगाळते. अशा जमिनीत पोकलेनची बकेट कधी सहज शिरते, कधी अडते. ती अडताच हायड्रॉलिक पंपातील तेलाचा दाब क्षणार्धात वाढतो. गोव्यातील खाणींमुळे हे यंत्र आपल्या परिचयाचे आहे. पंपाच्या पोटात काय चालते, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

या पंपातील फिरत्या दंडगोलात बहुधा सात किंवा नऊ पिस्टन वर्तुळाकार बसवलेले असतात. प्रत्येक पिस्टनच्या टोकाचा पितळी स्लिपर एका तिरक्या तबकडीवरून घसरत जातो. तबकडी तिरकी असल्याने पिस्टन आत-बाहेर होतात. तेल ओढतात आणि ढकलतात. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे प्रत्येक पिस्टनची सेकंदाला २५ वेळा ये-जा. स्लिपर आणि तबकडी यांच्यामध्ये असतो तो केवळ केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर.

हा थर दोन्ही बाजूंनी संकटात असतो. २० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २५० बार दाब आला, की स्लिपर सुमारे ८०० किलो भाराने तबकडीवर रेटला जातो. अर्ध्या फेऱ्यानंतर दाब ओसरतो आणि पिस्टनचे जडत्वच स्लिपरला तबकडीपासून उचलू पाहते. फेरे दुप्पट केले, तर ही ओढ चौपट होते.

म्हणूनच अभियंते संगणकावर पंपाचे गणिती प्रारूप मांडतात. त्यात प्रत्येक भागाची गती न्यूटनच्या नियमाने, सिलिंडरमधील दाब तेलाच्या दबले जाण्याच्या गुणावरून आणि थराची जाडी तेलाच्या प्रवाहावरून काढली जाते. जाडी बदलली की गळती बदलते, गळतीने दाब, दाबाने गती. त्यामुळे तिन्ही समीकरणे एकत्रच, अतिसूक्ष्म कालखंडांत सोडवावी लागतात. उत्तरे खऱ्या पंपावरील मोजमापांशी ताडून पाहिली जातात.

स्लिपर कोणत्या क्षणी कलंडेल, स्प्रिंग किती ताठ हवी, फेऱ्यांची मर्यादा कोणती, हे त्यातून पंप घडवण्यापूर्वीच कळते. अन्यथा थर तुटतो, पितळेचा कीस तेलाबरोबर झडपांपर्यंत पोहोचतो आणि एका स्लिपरपायी सारे यंत्र उभे राहते.