उंदराची पाठ आणि आजींचा कंगवा

काही महिन्यांपूर्वी 72 वर्षांच्या एका आजींना त्यांची सून आधार देत माझ्या पुण्यातील दवाखान्यात घेऊन आली. दोन दिवसांपासून जुलाब, तोंडाला कोरड, उभे राहताच घेरी. रक्तदाब 90/60 पर्यंत उतरलेला. आणि रक्तदाब कमी करण्याची रोजची गोळी मात्र आजींनी दोन्ही दिवस न चुकता घेतलेली! खोदून विचारल्यावर सुनेने पिशवीतून एक पुडी काढली. ‘‘डॉक्टर, कडू वृंदावनाचे चूर्ण आहे. आईंचे केस फार गळतात, म्हणून तेलात घालून लावायला आणले होते. उंदरांवर प्रयोग झालाय म्हणे.’’ आजी हळूच म्हणाल्या, ‘‘बद्धकोष्ठही जाईल, म्हणून मी चमचाभर पोटात घेतले.’’

कडू वृंदावन, म्हणजेच इंद्रायण, हा कलिंगडाच्या कुळातील रानवेल. चेंडूएवढे देखणे फळ आणि आत जहाल कडवटपणा. ते तीव्र रेचक आहे. अधिक मात्रेत घेतल्यास आतड्याला सूज येऊन रक्ताचे जुलाब होऊ शकतात. आजींना सलाईन द्यावे लागले. दोन दिवसांत त्या सावरल्या. मूत्रपिंडांवर परिणाम झाला नाही, हे सुदैव.

आता त्या प्रयोगाविषयी. तो खरोखरच झालेला आहे. मध्य प्रदेशातील सागर येथील डॉ. हरिसिंग गौर विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी तो 2011 मध्ये प्रसिद्ध केला. पांढऱ्या उंदरांना 21 दिवस टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक देऊन त्यांचे केस विरळ केले गेले आणि त्याच काळात काहींच्या त्वचेवर या फळाचा 2 व 5 टक्के अर्क लावला गेला. तुलनेसाठी फिनास्टराइड हे प्रचलित औषध होते. त्वचेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, अर्क लावलेल्या उंदरांमध्ये केसांची मुळे दाट आणि वाढीच्या अवस्थेत अधिक आढळली; परिणाम फिनास्टराइडच्या तोडीचा होता.

प्रयोग प्रामाणिक आहे, परंतु तो नेमके काय सांगतो हे समजून घ्यावयास हवे.

पहिली गोष्ट, तो अर्क पेट्रोलियम ईथर या द्रावकात काढलेला होता. या द्रावकात फळातील तेलकट, स्निग्ध अंश तेवढा उतरतो. बाजारातील चूर्ण वा घरचा काढा म्हणजे तो अर्क नव्हे. शिवाय तो त्वचेवर लावला होता, पाजला नव्हता.

दुसरी गोष्ट, उंदराचे केस आपल्यासारखे वाढत नाहीत. त्याच्या पाठीवरील केसांची मुळे एकाच वेळी झोपतात आणि एकाच वेळी जागी होतात. हे चक्र काही आठवड्यांचे असते. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असून प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावून गळतो. त्यामुळे 21 दिवसांत उंदरावर दिसले, ते माणसावर पाहावयास निदान सहा महिने लागतात.

तिसरी गोष्ट, उंदरावरील यश ही पहिली पायरी असते. सफरचंदातील प्रोसायनिडिन या द्रव्याने उंदरांचे केस वाढतात, हे जपानी संशोधकांनी 1999 मध्ये दाखविले. त्यानंतर त्यांनी त्याची माणसांवरही चाचणी घेतली. तीत सहभागी पुरुष तिसांहूनही कमी होते. मिनॉक्सिडिलची वाट उलटी. ते मूळचे रक्तदाबाचे औषध. पोटात घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावरच केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावण्याचे औषध झाले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या उंदरांचे केस टेस्टोस्टेरॉनमुळे गेले होते. आजींचे कशामुळे गळत होते? त्यांना थकवा होता, थंडी सोसत नव्हती, बद्धकोष्ठ होते. रक्त तपासले, तर थायरॉइडचे कार्य मंदावलेले निघाले. केसगळती आणि बद्धकोष्ठ ही एकाच झाडाची दोन पाने होती! थायरॉइडची गोळी सुरू केली. चार-पाच महिन्यांत कंगव्यात येणारा पुंजका लहान झाला.

म्हणून घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. केस अचानक गळू लागले, तर आधी हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. मागील दोन-चार महिन्यांत डेंग्यूसारखा ताप, शस्त्रक्रिया किंवा वजनात मोठी घट झाली का, ते आठवावे. अशी गळती बहुधा आपोआप थांबते. रक्त पातळ करणारी व फिट्सची काही औषधेही कारणीभूत असतात. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावीत. फिनास्टराइड घेत असलेल्या आजोबांनी पीएसए तपासणीपूर्वी तसे सांगावे, कारण या औषधाने तो आकडा सुमारे निम्मा दिसतो. आणि जुलाब-उलट्या होत असतील, तर रक्तदाबाची व लघवी वाढविणारी गोळी घ्यावी की थांबवावी, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

परवा आजी तपासणीस आल्या, तेव्हा विरळ अंबाड्यावर अबोलीचा लहानसा गजरा होता. ‘‘पूर्वीइतके नाहीत आले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण आता जिना एकटी चढते.’’ मला तेवढे पुरेसे वाटले.