एंजिन ठोकळ्यातील शीतक-गळती
एंजिन ठोकळ्यातील शीतक-गळती व दुरुस्ती : अंतर्ज्वलन एंजिनाचा ठोकळा म्हणजे सिलिंडर व त्यांच्याभोवती शीतक (एंजिन थंड ठेवणारे पाणी वा इतर द्रव) खेळविणाऱ्या पोकळ्या यांचे एकसंध ओतकाम होय. तो बहुधा करड्या ओतीव लोखंडाचा (बिडाचा) किंवा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो. ठोकळ्यातून शीतक बाहेर झिरपल्यास एंजिन फाजील तापते. गळती आत झाल्यास शीतक वंगण तेलात मिसळते, तेलाला दुधाळ रंग येतो व भुजादंडाची बेअरिंगे थोड्याच काळात निकामी होतात. म्हणून गळती किती आहे यापेक्षा ती कोठे आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

कारणे : पाणी गोठताना त्याचे घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे थंड प्रदेशात गोठणरोधी द्रव्य न घातलेला ठोकळा रात्रीतून फुटू शकतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हा धोका नसतो. येथे विहिरीचे कठीण पाणी वापरल्याने पोकळ्यांत क्षारांचे थर साचणे आणि तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतणे ही तडे जाण्याची प्रमुख कारणे होत. डीझेल एंजिनात सिलिंडर अस्तराच्या कंपनाने शीतकात बुडबुडे निर्माण होतात व फुटतात. त्यांच्या आघाताने अस्तराला बाहेरून खड्डे पडून अखेर आरपार भोक पडते.

गळतीचा शोध : प्रारणकात बुडबुडे येणे, निष्कासातून सतत पांढरा धूर निघणे व शीतकाची पातळी खाली जाणे ही आतील गळतीची लक्षणे आहेत. मात्र सिलिंडर हेडखालील गॅस्केट फाटल्यासही हीच लक्षणे दिसत असल्याने ठोकळ्याला तडा गेला आहे, असे लगेच मानू नये. नक्की निदानासाठी ठोकळा सुटा करून त्याची सर्व तोंडे पट्ट्यांनी बंद करतात, आत दाबाखालील हवा भरतात व तो कोमट पाण्यात बुडवितात. बुडबुडे येतील तेथे गळती असते. लोखंडी ठोकळ्यातील बारीक तडे चुंबकित पृष्ठावर लोहकण टाकूनही दिसतात.

दुरुस्ती : ओतकामाच्या वेळी वाळूचे गाभे काढण्यासाठी ठेवलेली भोके पातळ पत्र्याच्या बुचांनी बंद केलेली असतात. ही बुचे गंजून होणारी गळती नवी बुचे ठोकून थांबते. सिलिंडर अस्तराची रबरी कडी किंवा अस्तरच बदलणेही तुलनेने सोपे असते.

प्रत्यक्ष तड्याची दुरुस्ती अवघड असते. करड्या ओतीव लोखंडात सामान्यतः २.५ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते व वितळजोडकामानंतर झपाट्याने निवाल्यास जोडालगत कठीण थर तयार होऊन शेजारीच नवा तडा जातो. हे टाळण्यासाठी संपूर्ण ठोकळा भट्टीत तापवून वितळजोडकाम करतात व तो अत्यंत सावकाश निववितात. दुसऱ्या पद्धतीत निकेलयुक्त सळईने सु. २-३ सेंमी. लांबीचे तुटक जोड देतात व प्रत्येक जोड गरम असतानाच हातोडीने हलके ठोकून त्यातील ताण कमी करतात. कोणत्याही पद्धतीत तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोके पाडतात.

उष्णतेशिवाय केल्या जाणाऱ्या ‘धातुशिवण’ पद्धतीत तड्यावर एकमेकांना छेदणारी भोके ओळीने पाडून त्यांना आटे पाडतात व त्यांत धातूचे स्क्रू घट्ट बसवितात. तड्याला आडव्या बसविलेल्या धातूच्या पट्ट्या दोन्ही बाजू जखडून ठेवतात. ठोकळा तापवावा लागत नसल्याने सिलिंडरांची मापे बिघडत नाहीत.

अशा दुरुस्तीचे महत्त्व पहिल्या महायुद्धात दिसून आले. १९१७ मध्ये अमेरिकी बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या वाफ एंजिनांचे ओतीव लोखंडी सिलिंडर खलाशांनी फोडून ठेवले होते. ते विद्युत् वितळजोडकामाने व यांत्रिक ठिगळांनी दुरुस्त करून ती जहाजे सैन्याच्या वाहतुकीस वापरण्यात आली.

सोडियम सिलिकेटयुक्त द्रव शीतकात मिसळल्यास तो उष्ण तड्यात सुकून काचेसारखा थर देतो. हा उपाय बारीक गळतीपुरता व तात्पुरता आहे. त्याने प्रारणकाच्या अरुंद नळ्या तुंबू शकतात. दोन सिलिंडरांमधील अरुंद भिंतीला किंवा बेअरिंगच्या बैठकीला तडा असल्यास सहसा ठोकळा बदलणेच इष्ट ठरते.

दक्षता : गरम प्रारणकाचे झाकण उघडल्यास दाबाखालील शीतक उसळून गंभीर भाजते, म्हणून एंजिन निवेपर्यंत थांबावे. गोठणरोधी एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेला द्रव मुले व जनावरे यांच्या संपर्कात येऊ देऊ नये. खनिजरहित पाणी व योग्य गंजरोधी द्रव्य यांचा नियमित वापर केल्यास बहुतेक वेळा दुरुस्तीचा प्रसंग टळतो.