शहाण्णव प्लेटा सुशीला

पहाटे ४.४५
मावशींच्या घरात दिवा लागतो. पिंगळी गाव अजून झोपलेलं. नवरा अंगणात बाजेवर, लेक ओट्यावर. आज नळाची पाळी नाही, म्हणून आधी हापशावरून दोन घागरी. मग सहा भाकरी आणि ठेचा, झाकून ठेवायचा. मे महिन्याचा पहिला आठवडा आहे. हळद शिजवायची कामं संपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, रानात बाईमाणसाला रोज मिळत नाही. मावशी परभणीच्या एका ख्रिस्ती शाळेत कामाला आहेत. झाडलोट, पाणी, घंटा. पगार दहा महिन्यांचा. परीक्षा उरकल्या की तो थांबतो. मधे हे दहा दिवस मिळतात, मुलांच्या उन्हाळी शिबिराचे. रोज ३५० रुपये.

सकाळी ५.५०
फाट्यावर काळीपिवळी उभी. परभणीचे २० रुपये. पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे, परभणी आणि पूर्णेच्या मधलं, तिकीटही स्वस्त. पण शाळेच्या वेळेला जमेल अशी गाडी पाहिजे ना. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. मावशींच्या मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. शेजारणीच्या वाफ्यातली आहे, २० रुपयांत मोठी जुडी.

सकाळी ६.३०
शाळेचं फाटक, किल्ली मावशींकडेच. आधी हॉल झाडायचा, मग सतरंज्या अंथरायच्या. बारा सतरंज्या, धुळीनं जड झालेल्या. काल हस्तकलेत कापलेले घोटीव कागदाचे तुकडे कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेत. सांडलेला डिंक फरशीवर वाळून बसलाय, तो उलथन्यानं खरवडावा लागतो. पाण्याचे सहा जार येतात, प्रत्येकी ३० रुपये. पोरगा फाटकाशी ठेवून जातो; आत आणायचे मावशींनीच.

सकाळी ७.३०
लेकरं यायला लागतात. काही चर्चच्या मंडळीतली, बरीचशी नाहीत. रेल्वेवाल्यांची, भाजीवाल्यांची, शाळेच्या मागच्या वस्तीतली. अर्जावर आईबापाची सही घेतलेली आहे. दहा दिवसांची फी १०० रुपये. दोन भावंडं असतील तर एकाचीच घेतात. या शिबिराला सगळे व्हीबीएसच म्हणतात, पत्रकावर ‘सुट्टीतील बायबल शाळा’ छापलेलं असतं. गोष्ट, गाणी, पाठ वचन, हस्तकला, खाऊ. वयाप्रमाणे गट. शिकवणाऱ्या बहुतेक कॉलेजच्या मुली, मानधन नाही, आणि त्याही सातच्या आत हजर.

ही पद्धत न्यूयॉर्कहून आली. १८९८ साली एलायझा हॉज नावाच्या बाईंनी तिथल्या गरीब वस्तीतल्या, सुट्टीत रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठी एक बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला. कामाच्या दिवशी दुसरी जागा मिळत नव्हती. तो गुत्ता सकाळी झाडून कोण ठेवत होतं, हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

सकाळी ८.००
प्रार्थना. मग गाणी, हातवाऱ्यांसकट. रेव्हरंड टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गायली जातात. लेकरांना मात्र ढोलकीवरची नवी गाणी प्यारी. मावशींच्या घरी देव्हारा आहे, त्या चर्चला जात नाहीत. पण इतक्या वर्षांत सगळी गाणी पाठ झालीत. कांदा चिरताना ओठ हलतात.

सकाळी ८.२०
आता खरं काम. आज सुशीला. मराठवाड्यात पाहुणा आला, शिबिर असलं, नाहीतर घरात काही नसलं, की मुरमुऱ्यांची सुशीलाच.

चार किलो मुरमुरे. तीन किलो कांदा, किलोभर शेंगदाणे, अर्धा किलो डाळवं. डाळवं मिक्सरमध्ये जाडसर फिरवून ठेवलंय. हिरवी मिरची कमी, लेकरं लहान आहेत. तेल पाऊण लिटर, त्यातलं थोडं उद्यासाठी राखायचं.

मुरमुरे भिजवणं ही हाताची कला. पाण्याच्या बादलीत बुडवायचे आणि लगेच काढायचे. जरा उशीर झाला की लगदा. दोन्ही तळहातांत घेऊन पिळायचे, तेही बेतानं. फार पिळले तर गोळे होतात, कमी पिळले तर कढईत पाणी सुटतं. मावशी पाटीत टाकत जातात. एकही मूठ दुसऱ्यांदा पिळत नाहीत. मी एक मूठ पिळून पाहिली. त्यांनी ती बाजूला ठेवली, काही न बोलता.

कढई एवढ्या मुरमुऱ्यांना पुरत नाही, तीन खेपा कराव्या लागतात. मोहरी, जिरं, कढीपत्ता, दाणे लाल होईपर्यंत, मग कांदा. हळद. मुरमुरे, डाळव्याचा कूट, मीठ. झारा खालून वर. स्वयंपाकाच्या खोलीला एकच खिडकी, पंखा लावला तर गॅस विझतो. मावशींचा पदर मानेपर्यंत ओला.

सकाळी ९.१५
खिडकीतून हॉलमधली गोष्ट ऐकू येते. पाच भाकरी आणि दोन मासे. एका मुलाची शिदोरी, आणि पाच हजार माणसं जेवली. शिकवणारी मुलगी छान सांगते, हात पसरून. पुढच्या रांगेतली एक लहान पोर विचारते, “ताई, त्या भाकरी कुणी केल्या?”

ताई क्षणभर थांबते. “त्याच्या आईनं केल्या असतील.”

पुस्तकात हे नाही. मला ताईचं उत्तर बरोबर वाटलं, आणि प्रश्न त्याहून.

सकाळी १०.००
घंटा. प्लेटा लावलेल्या, शहाण्णव. आधी हात धुवायची रांग, मग खाऊ. लिंबू सरबताला चाळीस लिंबं लागली. उन्हाळ्यात लिंबाला हात लावू देत नाहीत. ५ रुपयाला एक, तेही ओळखीचा म्हणून. साखर दोन किलो. पाण्याचे जार धरून आजचा खर्च १२५० रुपयांच्या आसपास, म्हणजे लेकरामागे १३. फीतून रोजचे फार तर १० येतात, आणि कागद, रंग, डिंक वेगळेच. उरलेलं मंडळीच्या दानातून. मावशी आकडे सांगतात, शिबिराच्या मॅडम हिशेबाच्या वहीत लिहितात.

“मावशी, आणखी!”
“बसा की, देते. सांडू नका.”

दुसऱ्यांदा मागणारी लेकरं मावशींना माहीत आहेत. घरून न खाता कोण येतं तेही. त्यांची प्लेट पहिल्याच वेळी भरून येते. यादीत तशी सूचना नाही.

सकाळी ११.३०
सुट्टी. पारा चढायच्या आत लेकरं घरी पोचली पाहिजेत. परभणीत मेमध्ये ४२-४३ अंश म्हणजे रोजचंच. गेल्या वेळी साडेबारापर्यंत चालायचं, या वेळी तास कमी केला.

दुपारी १२.००
प्लेटा, पेले, कढई. बुडाला लागलेली फोडणी राखेनं घासावी लागते. शिक्षिका भांडी पुसायला येतात, मावशी नको म्हणतात, त्या तरी पुसतात. सतरंज्या गुंडाळून झाल्या की मावशी पहिल्यांदा बसतात. त्यांच्या वाट्याची सुशीला गार झालेली. वरून लिंबू पिळतात, आणि खातात.

दुपारी १.१०
पाळकसाहेब दिवसाचे ३५० हातात देतात. “जय ख्रिस्त, मावशी.” “जय ख्रिस्त, साहेब.” जायचे-यायचे ४० वजा जाता ३१०.

दुपारी १.३०
बसस्टँडजवळ काळीपिवळी भरायची वाट बघत उभी. पत्रा तापलेला, सीटला हात लावता येत नाही. मावशी मॅडमना फोन लावतात. आज सहा लेकरं नवी आली, उद्या आणखी येतील. मुरमुरे पाच किलो सांगा. आणि लिंबं त्याच माणसाकडून घ्या, दुसरीकडं गेलात तर तो परवापासून ५ ला देणार नाही.