बटव्यातील रुपयाची पारख

जळगाव-धुळ्याकडील अनेक व्यापारी घराण्यांत दिवाळीच्या वहीपूजनास चोपड्यांशेजारी चांदीचे जुने रुपये मांडले जातात. पूजा आटोपली की ते बटव्यात परततात. आणि वाटणी झाली अथवा चांदीचा भाव चढला, की सराफाच्या मुशीत जातात. तेथे त्यांचे वजन होते, वाचन होत नाही.

सर्वांत अधिक आढळतो तो ‘राणीछाप’. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने एकसारखा रुपया चालू केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. 1877 पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ आले. 1862 साल दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. तेच साल पुढे कित्येक वर्षे ठशावर कायम होते. 1940 नंतरच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, हे मोडीला काढणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

मोगली रुपया अधिक अवघड. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपूरची टांकसाळ जळगावच्या शेजारचीच. ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळे फारसी लेखाचा काही भाग कडेबाहेर जातो, आणि पुष्कळदा नेमके टांकसाळीचे नावच कापले जाते! एक सोपी खूण अशी: शाहजहानच्या रुपयांवर सामान्यतः कलमा असतो, औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढून टाकला.

अशा रुपयांवर बारीक टोचे दिसले की संग्राहक नाक मुरडतात. वस्तुतः ते सराफांच्या परीक्षेचे शिक्के होत. वरून चांदी आणि आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी ते मारले जात. जुन्या सालाच्या रुपयास बट्टा लागे, त्यामुळे साल वाचता येणे हे सराफाच्या नफ्या-तोट्याचेच अंग होते.

ही विद्या लिहून ठेवणारा पहिला मोठा जाणकार जैनच होता. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कर फेरू याने 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांचे वजन, त्यांतील धातूचे प्रमाण व मोल त्यात नोंदले आहे. देवगिरीची नाणीही त्यात आहेत. अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या शोधामुळे ही पोथी विसाव्या शतकात उजेडात आली. एका टांकसाळ-अधिकाऱ्याने आपल्या घरच्या माणसांना शिकविण्यासाठी ती लिहावी, याचे कोणाही व्यापाऱ्यास नवल वाटू नये.

तेव्हा यंदा रुपये चिंच-राखेने घासू नयेत. त्याने अक्षरे झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी मोलही उतरते. सराफी काट्यावर प्रत्येकाचे वजन घ्यावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, आणि शंका आल्यास नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेतील जाणकारांना दाखवावीत. घरचा बटवा ही एक गोष्ट; परंतु जुन्या वाड्याच्या भिंतीत वा शेतात पुरलेला हंडा निघाला, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.